देखभाल ग्रामपंचायत करेल

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला, तर तो एकतर ऑफिसच्या सर्व्हरचा असतो नाहीतर काकांचा. सर्व्हरचा असला तर परवडतं. निदान काय बिघडलंय ते तरी कळतं.

"उठला का, का झोपूच राहिला?"

"उठलो काका. बोला."

"ते पैसे आले गावाला. सोलरचे. पाच लाख. सरपंच म्हणू राहिले, तुमच्या पुण्याच्या पोराला सांगा, तेवढा प्रस्ताव लिहून द्यायला. पुढच्या शनिवारी ग्रामसभा आहे. तुला येतं ना तसलं लिहायला."

'तसलं' हा शब्द काकांनी अगदी सहज वापरला. पण मला तो बरोबर जिथे लागायचा तिथे लागला. कारण 'तसलं' मी एकदा लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते काकांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि गावातल्या दहा लोखंडी खांबांनाही माहीत आहे.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमचं गाव जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यात. मोसंबीचा पट्टा. वडील नोकरीनिमित्त बाहेर पडले, शेती काकांनी सांभाळली. मी पुण्यात कोड लिहितो आणि शनिवार-रविवार हा ब्लॉग.

पाच लाखांचं प्रकरण असं. राज्य सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. कल्पना साधी: शेतीला वीज देणाऱ्या सबस्टेशनच्या जवळच सोलर प्रकल्प उभे करायचे, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल आणि रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं लागणार नाही. (रात्रीच्या पाण्याला जाणाऱ्यांना साप, विंचू आणि आता बिबटे कसे भेटतात ते शहरातल्यांना सांगून कळत नाही.) सरकारी जमीन, गायरान यासाठी वापरता येतं. आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल, तिला सार्वजनिक कामांसाठी वर्षाला पाच लाख, असं तीन वर्षं अनुदान. आमच्या गायरानातल्या वीसेक एकरांवर प्रकल्प उभा राहिला आणि त्यातला पहिला हप्ता आला.

तर मंडळी, पाच लाखांचं काय करायचं, हा आजचा विषय. पण त्याआधी ते दहा खांब.

नववा रकाना

साल २००९. मला नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. गावात तेव्हा भारनियमन बारा-बारा तासांचं. संध्याकाळी सातला गाव काळंठिक्कर. आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांनी मिळून जमवलेला एक छोटा निधी होता, त्यातून कुठल्या तरी गावाला मदत करायची होती. मी हात वर केला. माझं गाव, सोलरचे पथदिवे, दहा नग.

प्रस्तावाचा नमुना नऊ रकान्यांचा होता. गावाची माहिती, गरज, लाभार्थी, खर्च वगैरे. पहिले आठ रकाने मी असे भरले, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. शाळेतली मुलं, रात्री विहिरीवर जाणाऱ्या बायका, सगळं. तांत्रिक माहितीही चोख: ७४ वॅटचं पॅनेल, १२ व्होल्ट ७५ अँपिअर-अवरची बॅटरी, ११ वॅटचा सीएफएल. नववा रकाना होता 'देखभाल व दुरुस्ती'. तिथे मी लिहिलं: देखभाल ग्रामपंचायत करेल.

बस. तीन शब्द. ग्रामपंचायतीला विचारलंही नव्हतं.

दिवे लागले तेव्हा खरंच छान वाटलं. ऑफिसचे चार जण गाडी करून आले होते. नारळ फुटला, फोटो निघाले, काकूने सगळ्यांना पुरणपोळी घातली. पहिली दोन वर्षं दिवे चालले. त्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, हे गावात कुणाला सांगितलं नव्हतं. पॅनेलवरची धूळ पुसावी लागते, हेही नाही. २०१२ च्या दिवाळीत गेलो तेव्हा तीन दिवे चालू होते. पुढच्या दिवाळीला शून्य. दोन बॅटऱ्या गायब. त्यातली एक कुणाच्या तरी ट्रॅक्टरला लागली, अशी वदंता आहे. खांब मात्र अजून ताठ उभे आहेत, वाढदिवसाचे बॅनर बांधायला फार सोयीचे.

बरीच वर्षं मी यावर गावाला दोष देत होतो. 'आपल्या लोकांना किंमत नाही' वगैरे. मग एकदा रात्री बसून साधा हिशोब केला. तेव्हा एक बॅटरी मला सहा हजारांना पडली होती, फार तर पाच वर्षं चालली असती. दहा बॅटऱ्यांचे साठ हजार, भागिले साठ महिने, म्हणजे महिन्याला हजार रुपये. गावात तेव्हा दोनशे घरं. म्हणजे घरटी महिन्याला पाच रुपये. एक कटिंग चहा. एवढ्यावर ते दिवे चालले असते. पण हा हिशोब कुणी कुणाला सांगितलाच नाही, कारण तो करायचं काम माझं होतं आणि मी त्या जागी तीन शब्द लिहून मोकळा झालो होतो.

गंमत म्हणजे माझं पोटच देखभालीवर भरतं! आमच्या धंद्यात नवीन सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा जुनं चालू ठेवण्यात जास्त माणसं आणि जास्त पैसा जातो, हे पोरगंसोरगंही सांगेल. ऑफिसात हे कळत होतं. गावाकडे जाताना मी ते पुण्यातच ठेवून गेलो होतो.

कडवंचीची चक्कर

२०१२ चा पाऊस जालन्याला दगा देऊन गेला. पुढचा उन्हाळा कसा होता ते ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. बहात्तरपेक्षा वाईट, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणत. बहात्तरला धान्य नव्हतं पण पाणी होतं, आता धान्य आहे पण पाणी नाही. काकांची दीड एकर मोसंबी, दोनशे झाडं, अकरा वर्षांची. टँकर घेऊन मार्चपर्यंत जगवली. एप्रिलमध्ये पैसे संपले. मे महिन्यात मी गेलो तेव्हा झाडं तोडून बांधावर रचलेली होती. काका त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "गाडी काढ. कडवंचीला जाऊन येऊ."

जालना ओलांडून सिंदखेडराजाच्या रस्त्याने गेलं की कडवंची. त्याच जिल्ह्यात, तोच काळा पाषाण, तेवढाच पाऊस. आणि तिथे द्राक्षबागा उभ्या होत्या. एप्रिलची खरड छाटणी होऊन नवी फूट आलेली. काका एका बागेच्या कडेला उभे राहिले आणि बराच वेळ नुसतं बघत बसले. मी फोटो काढायला मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला.

कडवंचीवर तोवर बरंच लिहून आलं होतं, पण मी ते 'यशोगाथा' म्हणून सोडून दिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं, आणि परत आल्यावर मिळेल ते वाचलं. तिथे १९९६ च्या सुमारास पाणलोटाचं काम सुरू झालं. पैसा आला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून. म्हणजे जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचं अनुदान, भारतात ते नाबार्डमार्फत. काम केलं खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, म्हणजे विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने. जवळपास १,९०० हेक्टरचं पाणलोट. माथ्यावर सलग समतल चर, खाली बांधबंदिस्ती, ओढ्यावर नाला बांध. माथा ते पायथा.

पण माझं लक्ष चर आणि बांधांवर नव्हतं. (इंजिनिअर असलो तरी सॉफ्टवेअरचा, दगडमातीचं मला काय कळणार.) माझं लक्ष गेलं ते पैसे मिळण्याच्या पद्धतीवर. ह्या कार्यक्रमात गावाने अर्ज केला आणि चेक आला, असं नव्हतं. फादर हर्मन बाकर या स्विस जेझुइट धर्मगुरूने महाराष्ट्रात अनेक वर्षं गावांत काम करून हा कार्यक्रम बांधला होता, आणि त्याच्या अटी अशा होत्या की आधी गाव बदलल्याशिवाय पैसा यायचाच नाही. गावाने आधी काही दिवस श्रमदान करून दाखवायचं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची. ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची, पैसा तिच्या हातून खर्च व्हायचा. शेत-न्-शेत मालकाबरोबर फिरून कुठे काय करायचं ते ठरवायचं. आधी छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं, जमलं तर पुढचं मोठं काम. आणि काम चालू असताना अकुशल मजुरीचा साधारण सहावा हिस्सा गावाचा, श्रमदान म्हणून. त्यातूनच पुढच्या निगा-दुरुस्तीची पुंजी.

म्हणजे माझ्या प्रस्तावात जो नववा रकाना होता, तो इथे पहिला होता. दिव्याचं बटण दाबण्याआधी बॅटरीचे पैसे कोण देणार ते ठरलेलं.

तिथल्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, जर्मनीचे पैसे आले म्हणून झालं का हे सगळं? तो हसला. म्हणाला, "पैसे तर पाच-सहा वर्षांत संपले. तव्हापासून फुटलेला बांध आम्हीच बांधू राहिलो ना."

ही पद्धत काही फक्त इथलीच नाही. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून जगभर चालतो, गावपातळीच्या संस्थांना छोटी अनुदानं देतो. तिथेही स्थानिक वाटा मागतात, रोख नसेल तर श्रम, साहित्य, जागा. आणि लांब कशाला, आपल्या जालन्याचा घाणेवाडी तलाव घ्या. निजामाच्या काळातला, गाळाने भरलेला. शहरातल्या नागरिकांनी आणि उद्योजकांनी वर्गणी काढून गाळ उपसायला यंत्रं लावली, आणि शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या खर्चाने वाहून शेतात नेला. पुढे २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना आली, तिचंही सूत्र तेव्हा हेच होतं: उपसण्याचा खर्च एकाचा, वाहण्याचा दुसऱ्याचा. ज्याने ट्रॉलीचं डिझेल भरलं तो गाळ रस्त्यात टाकून देत नाही.

पण थांबा

इथपर्यंत गोष्ट छान आहे. इथेच संपवली असती तर तुम्ही 'वा वा' म्हणून पुढच्या ब्लॉगवर गेला असता. पण दोन गोष्टी मला तेव्हापासून खुपतायत.

पहिली शेततळ्यांची. कडवंची, नंदापूर, धारकल्याण ह्या पट्ट्यात शेकडो शेततळी आहेत, प्लॅस्टिक अंथरलेली. त्यांनी बागा वाचवल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचं बघून सगळ्या मराठवाड्याला शेततळी हवी झाली. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, पन्नास हजारांपर्यंत अनुदान. शेततळं मुळात वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायला. पण प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी काय होतं? विहिरीतलं, बोअरमधलं पाणी उपसून तळ्यात भरून ठेवायचं. म्हणजे खडकाच्या पोटात झाकून ठेवलेलं पाणी उन्हात उघडं ठेवायचं!

ह्याचाही हिशोब करून बघा. मे महिन्यात आमच्याकडे दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर पाणी हवेत उडून जातं. तीस मीटर बाय तीस मीटरचं तळं काठोकाठ भरलेलं असेल, तर रोज नऊ हजार लिटर. म्हणजे रोज जवळजवळ एक टँकर सूर्याला. आणि आपला खडक बसाल्ट, त्याच्या मुरमात आणि भेगांत मावतंच थोडं, शंभर घनमीटरला एक ते तीन घनमीटर. शेजारच्या दोघांनी तळी भरली की तिसऱ्याची विहीर डिसेंबरातच तळ दाखवते.

मला फरक दिसतो तो असा. पाणलोटाचा पैसा गावाला आला होता, अटींसकट. तळ्याचा पैसा एकेकट्याला आला, आणि त्याला अट खड्ड्याच्या मापाची. माप बरोबर भरलं की अनुदान. पाणी कुठून येणार हे मापात बसत नाही.

आता दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी घरचं सांगतो. गेल्या वर्षी काकांनी सोलर पंप घेतला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप', २०२४ ची योजना. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी पाचच), बाकी अनुदान. अडीच ते पाच एकराला पाच अश्वशक्तीचा पंप. पाच वर्षं दुरुस्तीची हमीही आहे, म्हणजे नववा रकाना निदान कागदावर तरी भरलेला. फॉर्म कुणी भरला? मीच. पुण्यात बसून, शनिवारी, चाळीस मिनिटांत.

काका खूष आहेत. रात्रीचं जाणं बंद, बिल बंद, डिझेल बंद. मी गेलो तेव्हा दुपारी एक वाजता पंप धो धो चालू होता आणि पाणी शेजारच्या रिकाम्या वावरात चाललं होतं.

"काका, तिकडे काहीच नाहीये की!"

"मंग असू दे ना. ऊन आहे तवर चालू दे. बिल थोडंच येऊ राहिलं?"

स्वच्छ ऊर्जा म्हणजे धूर नाही, हे खरं. पण पूर्वी डिझेलचा खर्च आणि रात्रीची भीती हेच पाण्याचे दोन चौकीदार होते. दोघांनाही आम्ही घरी पाठवलं, त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही. काकांना दोष कसा देऊ? ज्याने दोनशे झाडं स्वतःच्या हाताने तोडली, त्याला पाणी वाहताना बघूनच बरं वाटत असणार. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

शेळ्यावाली आजी

खुपणारी दुसरी गोष्ट मला ह्या ग्रामसभेत समजली.

हो, गेलो मी. नुसता प्रस्ताव मेलवर पाठवायचा नाही, एवढं दहा खांबांनी शिकवलं होतं. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली, सकाळी मारुतीच्या पारावर हजर. पन्नास-साठ माणसं, बायका मागे दहा-बारा. सरपंचांनी यादी वाचली: वेशीला कमान, चौकात हायमास्ट, आणि उरले तर पेव्हर ब्लॉक. सगळ्यांनी माना डोलावल्या. कमान सगळ्यांनाच हवी असते.

मी उठून माझं पुराण लावलं. बॅटरी, घरटी पाच रुपये, कडवंची, श्रमदान. "फुकट मिळालेलं टिकत नाही, गावाने आधी स्वतःचं काहीतरी द्यायला पाहिजे" असं एक जोरदार वाक्यही टाकलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आम्ही दिलं की."

शेळ्यावाली आजी. तिच्याकडे सात शेळ्या आहेत, जमीन एक गुंठाही नाही.

"काय दिलं आजी?"

"गायरान दिलं. वीस एकराला तारेचं कुंपण घातलं. माझ्या शेळ्या तिथंच चरत होत्या ना लेकरा. आता रस्त्याच्या कडंनी फिरवू राहिले, लोक वावरात येऊ देईनात. ते पाच लाख काहून आले? त्या जागेचेच आले ना? मंग देणारं कोण, घेणारं कोण?"

पारावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. कारण तिचं बरोबर होतं, आणि मला एकदम कडवंचीची चराईबंदी आठवली. 'गावाने चराईबंदी केली' असं आपण सहज लिहितो. माथ्यावर गवत आणि झाडं यायची तर ती लागतेच, ते चूक नाही. पण चराई बंद होते म्हणजे कुणाची होते? ज्याला बांध आहे, कडबा आहे, त्याची नाही. ज्याच्याकडे फक्त शेळी आहे त्याची. मी इतकी वर्षं 'गावाचा वाटा', 'गावाचा वाटा' करत होतो, पण गावात वाटा कुणी दिला आणि पाणी कुणाच्या विहिरीला आलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो पडायला सात शेळ्या लागल्या.

पुढे दीड तास कचाकचा भांडण झालं. (ग्रामसभा कधी बघितली नसेल तर जरूर बघा, आमच्या प्रोजेक्ट मीटिंगपेक्षा बरी चालते.) कुणीतरी म्हणालं, शेळ्या पॅनेलखाली सोडा. मी ऐटीत सांगितलं, की अमेरिका-ऑस्ट्रेलियात सोलर पार्कमधलं गवत खायला मेंढ्या सोडतातच. आजी म्हणाली, "मेंढ्या असतील बाबा. माझ्या शेळ्या त्या काचेवर चढून बसतील आन् वायरी खातील." हेही बरोबर. तिथेही मेंढ्याच सोडतात, शेळ्या नाहीत, ह्याच कारणासाठी!

शेवटी ठरलं ते असं. पावसाळ्यात कुंपणाच्या आत गुडघाभर गवत वाढतं, ते प्रकल्पवाल्यांना काढावंच लागतं. ते काढून फाटकाबाहेर ठेवावं, शेळ्यावाल्यांनी न्यावं, असं ग्रामपंचायतीने त्यांना लेखी विचारायचं. ह्याला खर्च शून्य. उरलेल्या गायरानातल्या चार एकरांवर चर खोदून चाऱ्याचं गवत आणि सुबाभूळ लावायची, मजुरी अनुदानातून, कापणीचा पहिला हक्क भूमिहीनांचा. हायमास्ट राहिला, पण एकच, आणि त्याच्या निगेसाठी घरटी महिन्याला दहा रुपये. कमान पुढच्या वर्षावर ढकलली. 'रद्द' म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. माझी तर नाहीच.

मी आणखी एक गोष्ट सुचवली: गावातल्या दहा विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून पारावरच्या फळ्यावर लिहायची. शाळेची पोरं मोजतील, दोरी आणि दगड पुरे. खर्च एका फळ्याचा. ह्याला मात्र विरोध झाला. कुणाची विहीर किती भरली हे चव्हाट्यावर का लिहायचं? सगळ्यात मोठ्याने विरोध कुणी केला असेल? आमच्या काकांनी.

परतताना त्यांनी मला बसस्टँडवर सोडलं. गाडीला वेळ होता. बराच वेळ गप्प बसून मग म्हणाले, "फळ्यावर नावं नका लिहू. एक नंबर, दोन नंबर असं लिहा. मंग बघू."

माझ्या हिशेबी हे खूप झालं.

तर प्रस्ताव मी काल रात्री पूर्ण केला. ह्या वेळी सगळ्यात आधी देखभालीचा रकाना भरला, तो दीड पान झालाय. चाऱ्याच्या तुकड्यावर कोण लक्ष ठेवणार, दहा रुपये कोण गोळा करणार, ते कुठल्या खात्यात जाणार, चर बुजले तर कोण उपसणार. सगळ्यांसमोर नावं, आणि ती त्या-त्या माणसाला विचारून. चाऱ्याच्या समितीत पहिलं नाव शेळ्यावाल्या आजीचं आहे. तिने आधी विचारलं, "पगार किती?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग गवत आधी मला." लिहिलं तसं.

आणि हो, प्रस्तावाला एक नवा रकाना जोडला आहे, त्यांच्या नमुन्यात नसलेला: 'ह्या कामासाठी कुणी काय आधीच दिलं आहे'. सरपंच म्हणाले हे कशाला, कुणी विचारत नाही. म्हटलं राहू द्या.

टिकेल का हे सगळं? माहीत नाही. दहा खांबांच्या वेळी मला पक्की खात्री होती, त्यापेक्षा ही धाकधूक बरी. दिवाळीला जाईन तेव्हा बघून इथे कळवतो, चांगलं-वाईट जे असेल ते.

असो. सर्व्हरचा फोन वाजतोय.